टेम्प्लेट (वर्ड प्रोसेसरमधील)

टेम्प्लेट : एकाच घडणीचे कागद वारंवार तयार करावे लागतात तेव्हा वर्ड प्रोसेसरमध्ये जपून ठेवलेली साचा-फाइल. कागदाचा आकार, समास, स्टाइल (फॉन्ट, आकार, अंतर यांचा नाव देऊन ठेवलेला संच), हेडर-फूटर (पानाच्या वरची आणि खालची पट्टी), न बदलणारा मजकूर आणि भरायच्या जागा तिच्यात आधीच असतात. तिच्यावर डबल क्लिक केले की मूळ फाइल उघडत नाही. तिच्या नकलेतून बिननावाचा नवा कागद सुरू होतो आणि सेव्ह करताना नाव विचारले जाते. मायक्रोसॉफ्ट वर्डच्या २००७ पासूनच्या आवृत्त्यांत टेम्प्लेटचा फाइलप्रकार ‘डॉटएक्स’ (.dotx), मॅक्रो म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा असल्यास ‘डॉटएम’ (.dotm) असतो. त्याआधी तो ‘डॉट’ (.dot) होता. लिब्रेऑफिस रायटरमध्ये तो ‘ओटीटी’ (.ott) आहे.

मराठवाड्यातील तहसील कचेऱ्या आणि न्यायालयांबाहेरच्या टायपिंग-डीटीपीच्या दुकानांत टेम्प्लेटपेक्षा ‘जुन्या फाइलवर’ काम करण्याची रीत जास्त दिसते. मागच्या गिऱ्हाइकाचे प्रतिज्ञापत्र उघडायचे, नाव-गाव बदलायचे आणि प्रिंट द्यायची. काम झटपट होते, पण सवयीने कंट्रोल-एस दाबले गेले की मागचा कागद पुसला जातो. त्याहून वाईट चूक सत्यापनात, म्हणजे मजकूर खरा असल्याच्या शेवटच्या विधानात, होते. पहिल्या परिच्छेदातले नाव बदललेले असते, शेवटच्या ओळीत मात्र आधीच्या माणसाच्या वडिलांचे नाव तसेच राहते आणि कागद टेबलावरून परत येतो. टेम्प्लेट वापरायचे खरे कारण हेच आहे, वेळेची बचत त्यानंतर येते.

मुद्रांकावरील प्रतिज्ञापत्राचे टेम्प्लेट करताना पहिली अडचण कागदाची असते. लेआउटमधून लीगल आकार, म्हणजे ८.५ × १४ इंच, निवडावा आणि प्रिंटरच्या सेटिंगमध्येही तोच ठेवावा. तिथे ए-४ राहिले तर मजकूर आक्रसतो किंवा खालच्या ओळी कापल्या जातात. मुद्रांकाच्या पहिल्या पानाचा वरचा भाग छापील असल्याने मजकूर बराच खालून सुरू करावा लागतो. त्यासाठी एंटर दाबत जाणे चूक, कारण वर एक ओळ वाढली की सगळे सरकते. हेडरमध्ये ‘डिफरंट फर्स्ट पेज’ चालू करावे आणि पहिल्या पानाच्या हेडरमधील रिकाम्या परिच्छेदाला ‘स्पेसिंग बिफोर’ द्यावे. हेडर उंच झाला की मुख्य मजकूर आपोआप खाली ढकलला जातो आणि दुसऱ्या पानावर समास नेहमीचा राहतो. किती जागा सोडायची ते हातातला मुद्रांक पट्टीने मोजून ठरवावे, आणि हेडर कागदाच्या कडेपासून जितका खाली सुरू होतो तितके अंतर त्यातून वजा करावे.

दुसरी अडचण मराठी अक्षरांची, आणि टेम्प्लेट बहुतेक वेळा इथेच फसते. वर्डमध्ये प्रत्येक स्टाइलला फॉन्टचे दोन संच असतात : एक रोमन अक्षरांसाठी, दुसरा ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’साठी. देवनागरी दुसऱ्यात मोडते. फक्त वरच्या रकान्यात फॉन्ट आणि १४ पॉइंट भरून ठेवले तर मराठी मजकूर दुसऱ्याच फॉन्टमध्ये, दुसऱ्याच आकारात उमटतो. म्हणून स्टाइलच्या ‘मॉडिफाय’मधून फॉन्टची पूर्ण खिडकी उघडावी आणि दोन्ही रकाने भरावेत. रायटरमध्ये हीच सोय ‘सीटीएल’ नावाने आहे. ती दिसत नसेल तर भाषेच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करावे लागते. ओळींतील अंतर ‘एक्झॅक्टली’ ठेवून पान कोंबण्याचा मोह टाळावा : रफार आणि वेलांट्यांची टोके वरून छाटली जातात, उकार खालून. ‘ॲट लीस्ट’ किंवा ‘मल्टिपल’ बरे.

कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टमधला साचा नव्या टेम्प्लेटमध्ये तसाच चिकटवू नये. या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरसंकेतांत, बदलावा आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावीत.

भरायच्या जागांसाठी डेव्हलपर टॅबमधील कंटेंट कंट्रोल वापरतात. हा टॅब एरवी लपलेला असतो. तो ऑप्शन्समध्ये ‘कस्टमाइझ रिबन’मधून दाखवावा लागतो. जिल्ह्यासाठी ड्रॉपडाउन ठेवून त्यात छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव ही आठ नावे घालता येतात. एकच नाव अनेक ठिकाणी यायचे असेल तर ‘क्विक पार्ट्स’मधील डॉक्युमेंट प्रॉपर्टी वापरावी, एका जागी भरले की सगळीकडे उमटते. मात्र ते जसेच्या तसे उमटते, त्याला विभक्ती लागत नाही. ‘परतूर’ भरले आणि साच्यात पुढे ‘येथील’ असेल तर वाक्य जमते, पण ‘चा’, ‘त’, ‘ने’ हे प्रत्यय प्रत्येक नावाला नीट बसत नाहीत. म्हणून ‘मौजे … ता. … जि. …’ अशी कचेरीतली जुनी मांडणी टेम्प्लेटला फार सोयीची पडते. ‘लिहून देतो की’ आणि ‘लिहून देते की’ यांसाठी वेगळा ड्रॉपडाउन हवाच. बाईच्या प्रतिज्ञापत्रात ‘देतो’ राहणे ही नेहमीची चूक आहे. वंशावळ असेल तर सुट्या रेघा आणि टेक्स्ट बॉक्स काढू नयेत, एखादे नाव लांबले की त्या निसटतात. स्मार्टआर्टमधील पदानुक्रमाची आकृती ठेवावी.

तारखेसाठी आपोआप बदलणारे ‘डेट’ फील्ड घालू नये. ग्रामसभेची नोटीस तीन महिन्यांनी उघडली तर तिच्यावर त्या दिवसाची तारीख दिसेल. ‘क्रिएटडेट’ फील्ड कागद तयार झाल्याची तारीख धरून ठेवते. पण तोच कागद ‘सेव्ह ॲज’ करून नव्या नावाने ठेवला की तीही बदलते. सही-शिक्क्याच्या कागदावर तारीख हाताने टाकणे सर्वांत सुरक्षित.

तयार साचा ‘सेव्ह ॲज’मध्ये वर्ड टेम्प्लेट हा प्रकार निवडून ठेवतात. वर्ड २०१३ पासून तो डॉक्युमेंट्समधील ‘कस्टम ऑफिस टेम्प्लेट्स’ या फोल्डरमध्ये जातो आणि ‘न्यू’मध्ये दिसतो. रायटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एन दाबून टेम्प्लेटची यादी उघडते. साच्यातच दुरुस्ती करायची तर डबल क्लिक न करता राइट क्लिक करून ‘ओपन’ घ्यावे.

टेम्प्लेट सुधारले म्हणून आधीचे कागद सुधारत नाहीत. २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद यांची नावे अधिकृतपणे बदलली तेव्हा लेटरहेडचे टेम्प्लेट असलेल्यांचे ते एकदा बदलून पुढचे काम भागले, पण जुन्या फाइलवर काम करणाऱ्यांच्या कागदांत जुनी नावे येत राहिली. ‘रिप्लेस ऑल’ हा त्यावरचा उपाय अर्धवट आहे. ‘औरंगाबादेत’चे ‘छत्रपती संभाजीनगरेत’ होते. चित्र म्हणून लावलेल्या लेटरहेडमधील आणि जुन्या फॉन्टमधील नाव शोधात सापडतच नाही. आणि जिथे जुनेच नाव हवे, म्हणजे जुन्या दाखल्याच्या उल्लेखात किंवा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या शीर्षकात, तिथेही ते बदलले जाते.

दुसऱ्या संगणकावर साचा नेताना फॉन्ट फाइलमध्ये एम्बेड करावा, म्हणजे फाइलमध्येच सामावून ठेवावा. फॉन्टचा परवाना तशी मुभा देत असेल तरच ते होते. इंटरनेटवरून आलेल्या ‘डॉटएम’मधील मॅक्रो सन २०२२ पासून वर्ड आपणहून रोखते, पाठवणारा ओळखीचा असेल तरच फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’ करावे. कचेरीच्या नेटवर्कवरील टेम्प्लेटला जोडलेला कागद घरी उघडायला फार वेळ घेत असेल तर डेव्हलपरमधील ‘डॉक्युमेंट टेम्प्लेट’मध्ये जाऊन त्याला ‘नॉर्मल’ हे वर्डचे मूळ टेम्प्लेट जोडून द्यावे.