वैद्यकीय विद्यार्थी संघटना : पर्यावरणपूरक कार्यपद्धती

वैद्यकीय, दंतवैद्यक, परिचर्या, आयुर्वेद, औषधनिर्माण अशा शाखांचे विद्यार्थी आपल्या संघटनांमार्फत शिबिरे, अधिवेशने व प्रचारमोहिमा चालवतात. ही कामे करताना कचरा, इंधन आणि औषधे यांचा पर्यावरणावर पडणारा भार कमी राहावा म्हणून पाळायची शिस्त म्हणजे पर्यावरणपूरक कार्यपद्धती. वृक्षारोपण आणि ५ जूनची प्रभातफेरी यांची गणनाही तिच्यातच होते. मात्र तो तिचा सर्वांत हलका आणि छायाचित्रात सर्वांत चांगला दिसणारा भाग आहे.

आजार बरे करणारी यंत्रणा स्वतःही प्रदूषण करते, ही जाणीव वैद्यकक्षेत्रात उशिरा आली. ‘हेल्थ केअर विदाउट हार्म’ आणि ‘अरुप’ या संस्थांच्या २०१९ च्या अहवालानुसार जगातील निव्वळ हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात आरोग्यसेवेचा वाटा सुमारे ४.४ टक्के आहे. त्यातला सुमारे ७१ टक्के भाग रुग्णालयाच्या धुराड्यातून किंवा विजेच्या बिलातून येत नाही. तो औषधे, उपकरणे, एकदाच वापरून फेकायच्या वस्तू यांचे उत्पादन आणि वाहतूक यांतून येतो. त्यामुळे ‘दिवे-पंखे बंद करा’ अशा पाट्या लावून संघटनेचे काम संपत नाही. काय मागवले, किती मागवले आणि ते खरोखर लागणार होते का, हे प्रश्न अधिक मोलाचे ठरतात.

विद्यार्थी संघटनांच्या स्वतःच्या कारभारात सर्वांत जड बाब बहुधा प्रवासाची असते. वैद्यकीय विद्यार्थ्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ (आयएफएमएसए) १९५१ साली कोपनहेगन येथे स्थापन झाला. भारतातील ‘मेडिकल स्टुडंट्स असोसिएशन ऑफ इंडिया’ (एमएसएआय) ही संघटना त्याची सदस्य आहे. महासंघाच्या सर्वसाधारण सभा वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑगस्टमध्ये, वेगवेगळ्या देशांत भरतात आणि जगभरातून प्रतिनिधी विमानाने येतात. अशा अधिवेशनात प्लॅस्टिकच्या बाटल्यांऐवजी स्टीलचे पेले ठेवले, तर ते चांगलेच. पण एका लांब पल्ल्याच्या विमानप्रवासापुढे त्या बाटल्यांचा हिशेब किरकोळ आहे. प्रतिनिधींची संख्या मर्यादित ठेवणे, प्रादेशिक बैठका ऑनलाइन घेणे आणि देशांतर्गत अधिवेशनाला रेल्वेने जाणे हे उपाय कमी दिसतात, पण अधिक परिणाम करतात. अधिवेशनाला जाण्याची हौस हेच अनेकांच्या सभासदत्वाचे कारण असल्याने हे उपाय कागदावर राहतात, हेही खरे.

महाराष्ट्रातल्या संघटनांचे नेहमीचे काम म्हणजे रक्तदान शिबिर आणि आरोग्य तपासणी शिबिर. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी आधीच्या १९९८ च्या नियमांची व्याप्ती वाढवून लसीकरण, रक्तदान व शस्त्रक्रिया शिबिरांनाही कक्षेत आणले. म्हणजे शाळेच्या व्हरांड्यात किंवा गणेश मंडळाच्या मांडवात भरलेल्या शिबिरालाही रुग्णालयाचीच शिस्त लागू होते. टेबलापाशी ती अशी दिसते : बोट टोचून साखर तपासली की लॅन्सेट (टोचायची बारीक सुई) पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत, वापरलेले हातमोजे आणि सुई कापून काढलेली सिरिंज लाल पिशवीत, काचेची फुटकी कुपी निळ्या खुणेच्या डब्यात. रक्तदात्याला दिलेल्या बिस्किटांचा कागद आणि चहाचा कप या डब्या-पिशव्यांपैकी कशातही पडता कामा नये; तो साधा कचरा. नेमके इथेच गाडे अडते. मांडवात एकच मोठी टोपली असली की सगळे तिच्यात जाते, आणि रक्ताळलेला कापूस मिसळला की ती अख्खी टोपली जैववैद्यकीय कचरा म्हणून धरावी लागते. जाळण्याचा कचरा विनाकारण वाढतो, वर सफाई कामगाराच्या हाताला सुई लागण्याचा धोका असतोच. म्हणून अनुभवी संयोजक प्रत्येक टेबलाशी एक विद्यार्थी फक्त डब्यांवर लक्ष ठेवायला बसवतात. प्रक्रिया न केलेला असा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवता येत नाही, त्यामुळे तो रक्तपेढीच्या गाडीतून परत जाणार की संलग्न रुग्णालयातून अनेक रुग्णालयांच्या कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या सामायिक केंद्राकडे, हे शिबिराच्या परवानगीबरोबरच ठरवून घ्यावे लागते.

शिबिराचा फलक हा छोटा पण चिवट विषय. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलकांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तरी जाड फ्लेक्स चालतोच. त्याच्यावर तारीख, वर्ष आणि प्रमुख पाहुण्यांचा फोटो छापला की तो दुसऱ्या दिवशी निकामी होतो. तारीख आणि पाहुणे वगळून शिवलेला कापडी फलक वर्षानुवर्षे चालतो. अडचण फक्त पाहुण्यांच्या मानापमानाची.

औषधांचा भाग मात्र गंभीर आहे. शिबिरांत कंपन्यांकडून नमुन्यादाखल आलेली, मुदत संपत आलेली औषधे वाटून टाकण्याची पद्धत रूढ आहे. गरज नसता दिलेल्या गोळ्या घरोघरच्या फडताळात आणि शेवटी उकिरड्यावर किंवा गटारात जातात. औषध निसर्गात गेल्यावर काय करू शकते, याचे भारतातले ठळक उदाहरण डायक्लोफिनॅकचे. जनावरांना दिलेल्या या वेदनाशामकाचा अंश मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेला, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि दक्षिण आशियातील गिधाडे जवळजवळ नामशेष झाली. भारताने २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांना टोचल्या जातात हे लक्षात आल्यावर २०१५ मध्ये त्या ३ मिलीपुरत्या मर्यादित केल्या. शिबिरात निदानाप्रमाणे मोजकीच औषधे द्यावीत आणि उरलेला, मुदतबाह्य साठा रुग्णालयाच्या पिवळ्या पिशवीतल्या कचऱ्याबरोबर जावा, हा दंडक त्यामुळे निव्वळ नीटनेटकेपणाचा राहत नाही.

उपचार तोच ठेवून भार कमी करता येतो, याची दोन उदाहरणे विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणात हमखास येतात. दम्याच्या फवारा इनहेलरमध्ये वापरला जाणारा एचएफए-१३४ए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता धरून ठेवतो. भुकटीच्या इनहेलरला असा वायू लागतच नाही. आपल्याकडे रोटाहेलर व त्यातल्या कॅप्सूल आधीपासून रुळलेल्या आहेत. पण लहान मूल किंवा तीव्र झटका आलेला रुग्ण जोराने श्वास ओढू शकत नाही; तिथे स्पेसरसह (फवारा धरून ठेवणारी, सावकाश श्वास घेऊ देणारी नळी) फवाराच योग्य, आणि पर्यावरणाच्या नावाखाली तो नाकारणे हा शुद्ध अडाणीपणा ठरेल. दुसरे उदाहरण लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या बालरुग्णालयातले. तिथे २०१८ मध्ये सुरू झालेल्या मोहिमेत, रक्त किंवा शरीरस्राव यांचा संबंध नसेल तिथे हातमोजे न घालता हात धुण्यावर भर देण्यात आला आणि वर्षभरात सुमारे २१ टन प्लॅस्टिक वाचले.

संस्थांचे मूल्यमापन करण्याचे हत्यारही विद्यार्थ्यांनीच घडवले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील वैद्यकीय विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये ‘प्लॅनेटरी हेल्थ रिपोर्ट कार्ड’ सुरू केले. अभ्यासक्रम, संशोधन, समाजसंपर्क, विद्यार्थी उपक्रमांना पाठबळ आणि परिसर व्यवस्थापन या पाच अंगांनी विद्यार्थी आपल्याच महाविद्यालयाला श्रेणी देतात. एरवी गुणपत्रिका घेणाऱ्यांनी ती द्यावी, यातली गंमत कोणाच्या नजरेतून सुटत नाही.

महाराष्ट्रात या विचाराची मुळे ‘कार्बन’ हा शब्द रूढ होण्याच्या आधीची आहेत. गांधीजींच्या सहकारी डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्राम येथे सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांना खादी, श्रमदान, आश्रमातले सुरुवातीचे वास्तव्य आणि प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घेणे ही शिस्त घालून दिलेली आहे. तिचा हेतू पर्यावरणाचा नव्हता, साधेपणाचा होता. परिणाम मात्र तोच. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या ‘मेडिको फ्रेंड सर्कल’ या तरुण डॉक्टर व कार्यकर्त्यांच्या गटाने भोपाळ वायुदुर्घटनेनंतर १९८५ मध्ये बाधित वस्त्यांत जाऊन आरोग्य-पाहणी केली. प्रदूषणाचा प्रश्न वैद्यकाच्या खोलीत आणून ठेवण्याचे हे मोठे काम होते.

या कार्यपद्धतीची खरी अडचण पैशाची नसून सातत्याची आहे. कार्यकारिणी दरवर्षी बदलते, परीक्षा आणि इंटर्नशिपच्या काळात काम थांबते आणि विद्यावेतन व वसतिगृहाच्या मागण्यांपुढे हा विषय अजेंड्याच्या तळाशी जातो. एका तुकडीने खपून बसवलेली घडी पुढची तुकडी मोडते, तीही बहुतेकदा माहिती नसल्यामुळे. जिथे हे काम टिकले आहे तिथे एक साधी वही सापडते : गेल्या शिबिरात किती हातमोजे मागवले, किती उरले, कोणती औषधे परत गेली, कचरा कोणी व किती वाजता नेला. नव्या सचिवाने पदभार घेताना हिशेबाच्या वहीबरोबर ही वहीही तपासून सही करायची, असा नियम संघटनेच्या घटनेत घालता येतो.