मुंब्र्याचं वळण आणि दाराचा वाद

९ जून २०२५ ला सकाळी सव्वानऊच्या सुमारास कसाऱ्याहून मुंबईकडे येणारी फास्ट लोकल आणि कर्जतला जाणारी फास्ट ठाण्यापुढच्या मुंब्र्याच्या वळणावर क्रॉस झाल्या, दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासली आणि रुळावर पडली. चौघं त्याच दिवशी गेले. मुंबईत ट्रॅकवर वर्षाला अडीच हजारांच्या आसपास माणसं मरतात, त्यामुळे एरवी बातमी दोन ओळींची असते, ही मोठी झाली कारण सगळे एकदम पडले.

आधी फास्ट लोकल या वळणावर यायच्याच नाहीत, १९१६ च्या पारसिक बोगद्यातून सरळ निघायच्या. ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाईन २००८ ला मंजूर, सुरू व्हायला २०२२ उजाडलं, मग बोगदा मेल-एक्स्प्रेसला गेला आणि फास्ट लोकल मुंब्र्याकडून जायला लागल्या.

पण अपघातानंतर चर्चा झाली ती दाराचीच. बंद दाराची एसी लोकल डिसेंबर २०१७ मध्ये बोरिवली-चर्चगेट सुरू झाली. मे २०२२ मध्ये तिचं सिंगल तिकीट निम्म्यावर आणलं, आणि त्याच ऑगस्टमध्ये साध्या गाड्या काढून एसी घातल्या म्हणून कळवा, बदलापूरला लोक भडकले आणि नव्या दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. लोकांनाच बंद दार नको असं तेव्हा सर्रास बोललं गेलं, जे मला तरी पटत नाही. ज्याच्याकडे साधा पास आहे त्याची रोजची गाडी गेली तर पुढच्या गाडीत दुप्पट गर्दी, आणि तो परत दारातच, एक हात दांड्याला, सॅक पुढे छातीवर आणि पाय अर्धा बाहेर. विरोध दाराला कमी, आपली गाडी गेली याला जास्त होता.

मुंब्र्यानंतर घोषणा झाली की साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं येणार. बंद डब्यात गुदमरायला नको म्हणून दाराला फटी, छतावरून हवा आणि एका डब्यातून दुसऱ्यात जायला वाट, पहिली गाडी जानेवारी २०२६ पर्यंत, असं तेव्हा सांगितलं. ठीक आहे, पण पीक अवरला दार लागेपर्यंत गाडी हलणार नाही, म्हणजे प्रत्येक स्टेशनवर दहा-वीस सेकंद जरी गेले तरी कसारा, कर्जतपर्यंतचं टाइमटेबल कोलमडणार आणि फेऱ्या कमी होणार, त्यावर कोणी फार बोलत नाही.

दोष कोणाचा हेही लोंबकळतंच आहे. रेल्वेने प्रवाशाच्या बाहेर आलेल्या सॅककडे बोट दाखवलं, तर पोलिसांनी रुळांच्या देखभालीवर ठपका ठेवत नोव्हेंबर २०२५ मध्ये रेल्वेच्या दोन इंजिनियरांवर गुन्हा नोंदवला. त्याचा निषेध म्हणून रेल्वे कर्मचाऱ्यांनी ऐन संध्याकाळी लोकल अडवल्या, खोळंबलेले लोक ट्रॅकवर उतरून चालायला लागले आणि सँडहर्स्ट रोडजवळ त्यातले काही गाडीखाली आले.