बागेतील ‘कोझी’ रहस्यकथा : अमेरिकेचा दक्षिण भाग

इंग्रजीत ‘कोझी’ म्हणजे ऊबदार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सौम्य रहस्यकथेची एक उपशाखा. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, दोन्ही कॅरोलायना, टेनेसी, टेक्सास अशा अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतले एखादे लहान गाव, तेथील बागा आणि बागकामाची हौस असणारी, बहुधा मध्यमवयीन किंवा वृद्ध, स्त्रीमंडळी हे या कथांचे भांडवल असते. खून सहसा पडद्याआड होतो; रक्तपात, शिवीगाळ आणि शृंगार यांचे तपशील टाळले जातात. मेलेली व्यक्ती पुष्कळदा गावाला नकोशी झालेली असते, त्यामुळे संशयितांची वाण पडत नाही. छडा लावणाऱ्या व्यक्तीला तपासाचा अधिकार नसतो, मात्र गावातल्या कोणत्याही घराच्या मागील दाराने तिला आत जाता येते. या कथांतील बाग नेपथ्यापुरती असते असा समज सर्वसाधारण वाचकाचा होतो. प्रत्यक्षात टेहळणीची जागा, विषाचे कोठार आणि गावातील मानापमानाचा आखाडा अशी तीन कामे ती एकाच वेळी करते, आणि ज्या कथेत ती यांपैकी एकही करीत नाही ती कथा बहुधा फसलेली असते.

या प्रकाराचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. अगाथा क्रिस्ती यांची मिस मार्पल प्रथम डिसेंबर १९२७ मध्ये एका लघुकथेत आणि १९३० मध्ये कादंबरीत अवतरली. सेंट मेरी मीड या काल्पनिक खेड्यात राहणारी ही अविवाहित वृद्धा कुंपणाजवळ तण उपटत बसते आणि रस्त्याने कोण कोणाकडे गेले याची नोंद मनात ठेवते. खुरपे हातात असले की तासन्‌तास एका जागी बसण्याला कोणी हरकत घेत नाही, हे क्रिस्तींना नेमके उमगले होते. विषांची त्यांची माहितीही ऐकीव नव्हती. पहिल्या महायुद्धात टॉर्की येथील रुग्णालयाच्या औषधालयात त्यांनी काम केले होते, आणि १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्याच कादंबरीतील खून स्ट्रिक्नीनने, म्हणजे कुचल्याच्या विषाने, होतो. पुढे १९७७ मध्ये एलिस पीटर्स यांनी बाराव्या शतकातील श्रूजबरीच्या मठात वनौषधींची बाग सांभाळणारा ब्रदर कॅडफेल हा संन्यासी निर्माण केला, आणि वनस्पती ओळखणारा माणूसच मृतदेहही नीट वाचू शकतो ही कल्पना या साहित्यात रुजली.

अमेरिकेत या प्रकाराला बहर आला तो १९८० नंतर. मेन राज्यातील काल्पनिक कॅबट कोव्ह येथील लेखिकेवर आधारलेली ‘मर्डर, शी रोट’ ही दूरचित्रवाणी मालिका १९८४ ते १९९६ अशी बारा वर्षे चालली. एवढ्याशा गावात दर आठवड्याला प्रेत पडते कसे, ही थट्टा तेव्हापासून या साहित्याच्या पाठीस लागलेली आहे. १९८९ पासून वॉशिंग्टनजवळ मेरिलँडमध्ये ‘मॅलिस डोमेस्टिक’ हे वार्षिक संमेलन भरू लागले. त्यात दिला जाणारा अगाथा पुरस्कार म्हणजे कवटी आणि हाडे रंगवलेली चहाची किटली असते, आणि या प्रकाराची अधिक नेमकी व्याख्या कोणी समीक्षकाने केलेली नाही. दक्षिणेचा वाटा आरंभापासूनच मोठा आहे. जोन हेस यांचे आर्कान्सामधील मॅगडी हे काल्पनिक गाव आणि कॅरोलिन हार्ट यांचे दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरील बेट १९८७ मध्ये आले. शार्लेन हॅरिस यांची जॉर्जियातील ग्रंथपाल अरोरा टीगार्डन १९९० मध्ये, तर अॅन जॉर्ज यांच्या बर्मिंगहॅममधील दोन प्रौढ बहिणी १९९६ मध्ये. यांतील बागेचा धागा सूझन विटिग ऑल्बर्ट यांनी सर्वांत चिकाटीने पुढे नेला. १९९२ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या मालिकेतील चायना बेल्स वकिली सोडून टेक्सासमधील एका काल्पनिक गावी वनौषधींचे दुकान चालवते, आणि २०१० पासूनच्या दुसऱ्या मालिकेत तर १९३० सालच्या अलाबामातील डार्लिंग या गावाचे बागमंडळच शोध घेते. मंडळाच्या संस्थापिकेने मृत्यूनंतर आपले घर आणि बाग मंडळाला दिलेली असते, तेथून कथेला सुरुवात होते.

दक्षिणेतील लहान गावाची रचना हौशी शोधकाला सोयीची आहे. बहुतेक कथा काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मुख्य ठिकाणी घडतात: मध्ये न्यायालयाची इमारत, भोवती दुकानांचा चौक, दोन-तीन पंथांची चर्चे आणि त्यांमागे झाडीत दडलेली जुनी घरे. शेरीफ, म्हणजे काउंटीचा मुख्य पोलीस अधिकारी, तेथे निवडून येतो, त्यामुळे मतदारांपैकी वजनदार घराण्यावर संशय घेणे त्याला जड जाते. जॉर्जिया, दक्षिण कॅरोलायना, अलाबामा या राज्यांत मृत्यूची चौकशी करणारा कॉरोनरही निवडून येतो आणि त्याला डॉक्टर असण्याची अट नसते. टेक्सासमधील लहान काउंट्यांत ते काम स्थानिक न्यायाधीशच करतो. वृद्ध माणूस झोपेत गेला म्हणजे हृदयविकाराने गेला, असे प्रमाणपत्र अशा व्यवस्थेत मिळून जाणे अगदीच अशक्य वाटत नाही, आणि कथानकातील बऱ्याचशा ओढाताणीला या वास्तवाचा टेकू मिळतो. शिवाय सुतकी घरी शेजाऱ्यांनी शिजवलेले पदार्थ झाकून नेण्याची रीत आहे. ओव्हनमध्ये भाजलेला कॅसरोल घेऊन गेलेल्या बाईला स्वयंपाकघरात उभे राहून वाटेल तितके ऐकता येते, आणि भांडे परत आणण्याच्या निमित्ताने आठवड्याने पुन्हा जाता येते.

या साऱ्याला संस्थेचे रूप देते ते बागमंडळ. अमेरिकेतील पहिले बागमंडळ मानले जाणारे ‘लेडीज गार्डन क्लब’ जॉर्जियातील अथेन्स येथे १८९१ मध्ये बारा स्त्रियांनी एका घराच्या दिवाणखान्यात स्थापन केले. फुले-भाज्यांची देवघेव, प्रदर्शने, सार्वजनिक जागांवरील लागवड अशी या मंडळांची कामे. तथापि मतदानाचा हक्क नसलेल्या काळात गावाच्या कारभारात स्त्रियांना शिरकाव मिळवून देणारी ती एक वाटही होती. व्हर्जिनियातील बागमंडळ १९२९ पासून दर वसंतात राज्यभरची खासगी घरे आणि बागा तिकीट लावून लोकांना पाहण्यास खुल्या करते. रहस्यकथाकाराला याहून काय हवे? एरवी बंद असणारी फाटके त्या दिवसांत उघडी असतात, अनोळखी माणसे सगळीकडे हिंडत असतात आणि घरमालकीण पाहुण्यांच्या सरबराईत गुंतलेली असते. फुलांच्या प्रदर्शनातील कॅमेलियाच्या पहिल्या क्रमांकावरून माणूस माणसाचा जीव घेईल का, असा प्रश्न बाहेरच्याला पडतो; आपल्याकडे सोसायटीच्या पाण्याच्या वेळेवरून दहा वर्षे अबोला धरणारी कुटुंबे ज्याने पाहिली आहेत त्याला तो पडू नये. याखेरीज दक्षिणेत कुंपणावरून कलमे, कंद आणि बिया देण्याघेण्याची जुनी प्रथा असून अशा रोपांना ‘पासअलाँग’ म्हणतात. रोप ज्याने दिले त्याच्या नावाने घरात ओळखले जाते, आणि कोणाचे फाटले, कोणाचे जुळले याचा इतिहास झाडांतूनच लागतो. चांगला लेखक हा दुवा वापरतो: ज्या दोन घरांचा परस्परसंबंध नाही असे सांगितले जाते, त्यांच्या अंगणांत एकच दुर्मीळ वाण निघतो.

विषांच्या बाबतीत दक्षिणेची उष्ण, दमट हवा फारच उदार आहे. कण्हेर तेथे रस्त्याकडेला वाढते. टेक्सासच्या किनाऱ्यावरील गॅल्व्हस्टन हे शहर तर कण्हेरीचे शहर म्हणूनच प्रसिद्ध आहे. तिच्यातील ओलिअँड्रिन हे द्रव्य हृदयाच्या ठोक्यांवर डिजिटॅलिस या हृदयविकारावरील औषधासारखा परिणाम करते, त्यामुळे हृदयरोगी माणसाच्या मृत्यूत ते सहज झाकले जाईल अशी लेखकांची धारणा असते. धोतऱ्याच्या एका जातीचे तिकडील नाव ‘जिम्सनवीड’ हे व्हर्जिनियातील जेम्सटाउनवरून पडले; १६७६ च्या बंडाच्या वेळी तेथील सैनिकांनी त्याची पाने भाजी म्हणून खाल्ली आणि ते कित्येक दिवस भ्रमिष्टासारखे वागत राहिले, अशी नोंद आहे. पिवळ्या सुगंधी फुलांची कॅरोलायना जेसमिन ही वेल दक्षिण कॅरोलायनाचे राज्यपुष्प आहे आणि तिचे सर्व भाग विषारी आहेत. राज्याच्या मानचिन्हानेच खून करण्याची ही सोय अन्यत्र क्वचितच मिळेल. एरंडाच्या बीतील रायसिन लेखकांना फार आवडते, परंतु कठीण साल न फुटता बी पोटात गेले तर पुष्कळदा ते तसेच बाहेर पडते, याकडे ते काणाडोळा करतात. मराठी वाचकाला या यादीत परके वाटावे असे थोडेच आहे: गणपतीला वाहायच्या एकवीस पत्रींत धोतरा आणि कण्हेर दोन्ही असतात, आणि पूजा झाल्यावर हात धुण्याची सवय आपल्या आज्यांनी उगीच लावलेली नाही.

आर्सेनिकचा मार्ग थोडा वेगळा, आणि इतिहासाशी अधिक जोडलेला आहे. कापसाच्या बोंडात शिरणारा भुंगा मेक्सिकोतून टेक्सासमध्ये १८९२ च्या सुमारास आला आणि पुढील तीस वर्षांत त्याने दक्षिणेतील कापसाचा पट्टा व्यापला. त्यावर उपाय म्हणून १९२० नंतर शेतांवर कॅल्शियम आर्सेनेटची भुकटी धुरळली जाऊ लागली. जुन्या गोठ्यातल्या फळीवर सापडणारा, चिठ्ठी पुसट झालेला डबा हा म्हणून केवळ कथेतला साचा ठरत नाही. विल्यम फॉकनर यांची १९३० मधील ‘अ रोझ फॉर एमिली’ ही प्रसिद्ध कथा याच साहित्यावर उभी आहे: लहान गाव, एकाकी कुलीन स्त्री, औषधविक्रेत्याकडून कारण न सांगता घेतलेले आर्सेनिक आणि सारे पाहत असलेले शेजारी. फरक एवढाच, की तेथे शेजारी पाहतात आणि गप्प राहतात, तर कोझीतले शेजारी पाहतात आणि बोलतात. मिस मार्पलची पहिली कादंबरी आणि ही कथा एकाच वर्षीची असावी हा योगायोग असला, तरी दक्षिणेतील बागकथा या दोहोंची नात आहे असे म्हणायला हरकत नाही.

वनस्पतिशास्त्राच्या चुका हा या प्रकारातील कायमचा दोष होय, आणि बागप्रेमी वाचक त्या पत्राने कळवतात. डिजिटॅलिस देणारे फॉक्सग्लव्ह हे इंग्लंडच्या थंड हवेतले झाड; अगदी दक्षिणेकडील उन्हाळ्यात ते टिकत नाही, म्हणून तेथे ते शरद ऋतूत लावून वसंतापुरते फुलवतात. ऑगस्टमध्ये अलाबामातील अंगणातून त्याची ताजी पाने खुडणारा खुनी त्यामुळे लेखकाचे अज्ञान उघडे पाडतो. हायड्रेंजियाचे फूल आम्लधर्मी मातीत निळे आणि अल्कधर्मी मातीत गुलाबी होते, या गुणाचा उपयोग पुरलेल्या वस्तूचा माग काढण्यासाठी वारंवार होतो. पण रंग बदलतो तो मातीतून मिळणाऱ्या अॅल्युमिनियममुळे, त्यामुळे गंजके पिस्तूल पुरल्याने झुडूप निळे झाले हे स्पष्टीकरण गंजके खिळे पुरल्याने फूल निळे होते या लोकसमजुतीवर उभे असते. याउलट कुडझूचा उपयोग निर्दोष आहे. ही जपानी वेल १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात आली, १९३० नंतर सरकारनेच जमिनीची धूप थांबवण्यासाठी शेतकऱ्यांना पैसे देऊन ती लावायला लावली, आणि अनुकूल हवेत दिवसाला ३० सेंमी.पर्यंत वाढून तिने पडकी घरे, खांब, मोटारी गिळल्या. जूनमध्ये तिच्याखाली लपवलेले काहीही पहिल्या कडक थंडीपर्यंत दिसत नाही. पाने करपून गळाली की मात्र सारे उघडे पडते, आणि तेव्हा प्रकरण पुन्हा सुरू होते.

या कथांवरील सर्वांत गंभीर आक्षेप त्यांच्या स्मरणशक्तीविषयी आहे. ज्या मॅग्नोलियाच्या सावलीत चहा होतो, ती मॅग्नोलिया आणि तिच्याभोवतीची बाग पुष्कळदा गुलामांच्या आणि पुढे अत्यल्प मजुरीवर राबणाऱ्या कृष्णवर्णीय माळ्यांच्या श्रमांवर उभी राहिली. बागमंडळेही दीर्घकाळ वर्णभेदी होती. कृष्णवर्णीय स्त्रियांनी आपली मंडळे वेगळी काढली आणि व्हर्जिनियात १९३२ मध्ये हॅम्प्टन येथे त्यांचा राज्यव्यापी संघही स्थापन झाला. कोझीमध्ये मात्र गावाचे जुने पाप म्हणजे बदललेले मृत्युपत्र किंवा दडवलेले अपत्य, त्यापलीकडे खोदकाम जात नाही. सुखान्ताची अट असलेल्या प्रकाराकडून याहून अधिक मागू नये असे काही म्हणतात, पण तो बचाव बार्बरा नीली यांनी निकामी केला. त्यांच्या १९९२ मधील पहिल्या कादंबरीची नायिका ब्लँच व्हाइट ही उत्तर कॅरोलायनातील कृष्णवर्णीय मोलकरीण आहे. तिच्या नावाचे दोन्ही शब्द ‘पांढरी’ याच अर्थाचे असणे हा लेखिकेचा खट्याळपणा. न वटलेल्या धनादेशांवरून झालेली शिक्षा चुकवून ती एका श्रीमंत गोऱ्या कुटुंबाच्या गावाकडील घरी स्वयंपाकाला राहते, आणि त्या घरची बाग सांभाळणाऱ्या वृद्ध कृष्णवर्णीय माणसाशी बोलता बोलता तिला घराचे आतले कळत जाते. मिस मार्पलला खुरप्यामुळे जी अदृश्यता मिळते ती ब्लँचला कातडीच्या रंगामुळे आणि एप्रनमुळे मिळते. तिला कोणी पाहतच नाही, म्हणून तिला सर्व दिसते. या कादंबरीला प्रथम कादंबरीसाठीचा अगाथा पुरस्कार, म्हणजे ती कवटीची किटली, मिळाली. अमेरिकेतील रहस्यकथालेखकांच्या संस्थेने २०२० साठी नीली यांना ग्रँड मास्टर हा आपला सर्वोच्च सन्मान जाहीर केला, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांचे निधन झाले.