थर्माकोलची अक्षरं का झुकली?

मावशीच्या लग्नाची व्हीएचएस व्हिडिओ कॅसेट १९९१ची. सदाशिव पेठेतलं कार्यालय, स्टेजमागे निळा पडदा आणि त्यावर थर्माकोलची चंदेरी अक्षरं, एका बाजूला 'चि.', दुसऱ्या बाजूला 'चि. सौ. कां.'. गेल्या वर्षी व्हीसीआरला कॅप्चर कार्ड (चित्राचे पिक्सेल करून कॉम्प्युटरला देणारं यंत्र) जोडून ती कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायला घेतली तेव्हा या अक्षरांचे माथे उजवीकडे झुकलेले दिसले. खाली नवरा-नवरी मात्र ताठ उभे. मधूनच चित्र गोठायचं, आणि भर मंगलाष्टकांत सगळा पडदा निळा व्हायचा. गंमत अशी की हाच व्हीसीआर माळ्यावरून काढलेल्या डबा टीव्हीला जोडला, की अक्षरं बऱ्यापैकी सरळ!

टेपमध्ये चित्र असतं असं आपण म्हणतो, पण तिच्यावर असते ती एकामागून एक येणाऱ्या ओळींची रांग. आपल्याकडच्या पाल (PAL) या टीव्ही-पद्धतीत एका चित्राच्या ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रं, आणि प्रत्येक ओळीला ६४ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे ६४ दशलक्षांश. टेप अर्धा इंच रुंद असते आणि सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकते. एवढ्या संथ चालीनं चित्र मावणं शक्यच नाही. म्हणून व्हीसीआरच्या पोटात ६२ मिलिमीटर व्यासाचा एक चकचकीत ड्रम तिरका बसवलेला असतो. तो मिनिटाला १५०० फेरे मारतो आणि त्यावरची दोन हेड, म्हणजे टेप वाचणारी चिमुकली चुंबकी टोकं, आळीपाळीनं टेपवर तिरके पट्टे वाचतात. एक पट्टा सुमारे ४९ मायक्रॉन रुंद, म्हणजे केसापेक्षाही बारीक. हेड आणि टेप एकमेकांवरून धावतात सेकंदाला जवळजवळ पाच मीटर वेगानं.

आता हिशोब करा. एका मायक्रोसेकंदात हेड टेपवर सुमारे पाच मायक्रॉन पुढे जातं. कॅप्चर कार्ड तेवढ्याच वेळात साडेतेरा पिक्सेल मोजून टाकतं. तीस-पस्तीस वर्षांत एका पट्ट्याच्या लांबीत टेप पाच मायक्रॉन जरी ताणली किंवा आकसली, तरी ओळ साडेतेरा पिक्सेल सरकणार. पाच मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा दोनशेवा भाग!

हा फरक सगळ्यात जास्त दिसतो तो एक हेड टेप सोडून दुसरं हेड टेप धरतं त्या क्षणी. ही अदलाबदल चित्राच्या अगदी तळाशी, शेवटच्या सहा-सात ओळींत होते. टेपचा ताण रेकॉर्डिंगच्या वेळेसारखा राहिला नसेल, तर ओळींची वेळ तिथे एकदम उडी मारते आणि सावरेपर्यंत पुढच्या चित्राच्या वरच्या काही ओळी निघून जातात. आमच्या थर्माकोलचे माथे त्या ओळींत सापडले होते. डबा टीव्ही या बाबतीत समजूतदार: ओळ उशिरा आली तर त्याचा चित्र रेखणारा किरणही उशिरा निघतो. कॅप्चर कार्ड मात्र घड्याळ लावून बसलेलं. वेळ थोडी चुकली की ओळ वाकडी, जास्त चुकली की चित्रच गाळून टाकायचं किंवा 'सिग्नल नाही' म्हणून निळा पडदा दाखवायचा. चित्रं अशी गळाली की आवाज हळूहळू पुढे-मागे होतो, आणि गुरुजींचं 'सावधान' ऐकू येईपर्यंत अक्षता पडून गेलेल्या असतात. काही कार्डांना तर ही डळमळ कॉपी-प्रतिबंधाच्या सिग्नलसारखी वाटते आणि घरच्या लग्नालाही ती चोरीचा माल ठरवतात.

यावरचा खरा इलाज म्हणजे टाइम बेस करेक्टर, टीबीसी. तो ओळ आली की आधी मेमरीत ठेवतो आणि मग ठरल्या ठोक्याला पुढे सोडतो. चांगल्या एस-व्हीएचएस (व्हीएचएसची सुधारित जात) व्हीसीआरमध्ये तो आतच असायचा. आमच्याकडे तो नव्हता. शेजारच्या काकांचा डीव्हीडी रेकॉर्डर मात्र कपाटात पडून होता. काही रेकॉर्डर आत येणारा सिग्नल स्वतःच्या घड्याळावर बसवून बाहेर देतात. डिस्क घालायची नाही, व्हीसीआर आणि कार्डाच्या मध्ये तो नुसता जोडायचा. प्रत्येक मॉडेलला हे जमत नाही, पण काकांच्या यंत्राला जमलं.

सगळ्याच खोड्या वेळेच्या नसतात. चित्रावर आडवा मुंग्यांचा पट्टा असेल तर ट्रॅकिंगची चकती फिरवा. हेड आणि पट्टा यांची गाठ चुकली आहे, एवढंच. पडदाभर मुंग्या असतील, आणि दुसऱ्या चांगल्या कॅसेटवरही असतील, तर हेड मळलंय. ते पुसायला कानातला कापूस नको, त्याचा धागा हेडमध्ये अडकून ते मोडू शकतं. शॅमॉय चामड्याची काडी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, ड्रम हातानं हळू फिरवायचा आणि काडी एका जागी आडवी धरायची. वर-खाली घासलं तर हेड गेलंच म्हणून समजा. शेवटपर्यंत व्हीसीआर बनवत राहिलेल्या जपानच्या फुनाई कंपनीनंही जुलै २०१६मध्ये उत्पादन थांबवलं. तेव्हा आता जुना बाजार आणि नातेवाइकांचे माळे, एवढाच आधार.

चित्रावरून एक फिकट पट्टा सावकाश वर किंवा खाली सरकत असेल, तर ती विजेची घरघर. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत येतं म्हणून तेही सेकंदाला ५०. दोघांत किंचित फरक असतो म्हणून पट्टा रेंगाळत चालतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बहुतेक वेळा पट्टा जातो. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत जाऊन नवी केबल आणण्याआधी हे फुकटचं करून बघावं. मी आधी केबल आणली होती.

आणि पुण्याचा पावसाळा. कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीवर पांढरी जाळी किंवा भुकटी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट लावायचीच नाही. बुरशी ड्रमवर बसते आणि तिथून पुढच्या कॅसेटनाही लागू शकते.

काही गोष्टी मात्र बिघाड नसतातच. तळाची फाटकी, थरथरती पट्टी म्हणजे मघाशी सांगितलेली हेडची अदलाबदल. डबा टीव्ही ती चौकटीआड लपवायचा, कॉम्प्युटर सगळं दाखवतो. तिच्यावर काळी पट्टी टाकावी. वरातीत नाचणाऱ्यांच्या हातांना कंगव्यासारखे दात दिसतात, कारण एका चित्राचे दोन अर्धे भाग सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतरानं टिपलेले असतात. ते डीइंटरलेस करताना, म्हणजे अर्ध्या भागांची पूर्ण चित्रं बनवताना, सेकंदाला २५ नव्हे, ५० चित्रं ठेवावीत, नाहीतर नाचातली निम्मी हालचाल जाते. आणि मावशीच्या शालूचा लाल रंग काठाबाहेर ओघळलेला दिसतो, तो तसाच राहणार. व्हीएचएसमध्ये रंगाचा सिग्नल ४.४३ मेगाहर्ट्झवरून ६२७ किलोहर्ट्झवर उतरवून, अगदी अरुंद जागेत कोंबलेला असतो. मुळातच न नोंदलेला बारकावा कोणतंही सॉफ्टवेअर परत आणत नाही, फार तर अंदाजानं रंगवतं.

रेकॉर्डर मध्ये घातल्यावर अक्षरं ताठ झाली, निळा पडदा आला नाही, दीड तासात एकही चित्र गळालं नाही. फाइल मावशीला दाखवली. तिनं पाच मिनिटं निमूट पाहिलं आणि विचारलं, "मंगलाष्टकं मुकी का रे?" मी फक्त चित्राची पिवळी पिन रेकॉर्डरमधून नेली होती. आवाजाच्या लाल-पांढऱ्या पिना टेबलामागे लोंबकळत होत्या.