मधुमेह आणि व्हायरल साथी

शुगर असलेल्या माणसाला मोठ्या व्हायरल साथीत इतरांपेक्षा जास्त धोका असतो. लागण होण्याचीच शक्यता त्याला जास्त असते असं काही ठळकपणे दिसलेलं नाही, पण एकदा लागण झाली की आजार बळावणं, आयसीयू आणि मृत्यू या तिन्हींची शक्यता वाढते. हे कोविडमध्ये पहिल्यांदा कळलं असंही नाही. २००३ चा सार्स, २००९ चा स्वाइन फ्लू, २०१२ नंतरचा मर्स, सगळीकडे हेच दिसलं होतं. कॅनडातल्या क्युबेकमध्ये स्वाइन फ्लूच्या वेळी मधुमेह असलेल्यांना ॲडमिट व्हावं लागण्याची शक्यता साधारण तिप्पट निघाली होती. त्याच्याही मागे जायचं तर १९१८ चा इन्फ्लुएन्झा, जो भारतात मुंबई बंदरातूनच शिरला, पण तेव्हा इन्सुलिनच नव्हतं (शोध १९२१ चा, पहिल्या पेशंटला दिलं १९२२ मध्ये), त्यामुळे टाइप वनचं (ज्यात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) मूल तसंही फार दिवस काढत नसे.

कोविडचे आकडे बरेच सांगितले जातात पण अर्धवट. चीनमध्ये सुरुवातीच्या ४४,६७२ केसेसमध्ये एकूण मृत्यू २.३ टक्के आणि मधुमेहींमध्ये ७.३ टक्के होते. यात वयाचा भाग मोठा आहे, कारण शुगरवाले बहुतेक वयस्करच असतात. इंग्लंडने वय वगैरे वजा करून हिशोब केला तेव्हासुद्धा हॉस्पिटलात मृत्यू होण्याची शक्यता टाइप टूमध्ये (बहुतेकांना असतो तो, सहसा मोठेपणी होणारा मधुमेह) सुमारे दुप्पट आणि टाइप वनमध्ये साडेतीन पट आली. पण त्याच पाहणीत चाळिशीच्या आतल्यांचा प्रत्यक्ष धोका फारच कमी होता, हे मात्र व्हॉट्सॲपवर कोणी फॉरवर्ड केलं नाही. आणि सगळ्यात कामाचा आकडा चीनमधल्या हुबेई प्रांताचा: आधीपासून टाइप टू असलेल्या ज्या पेशंटची शुगर ॲडमिट असताना ७० ते १८० च्या आत राहिली त्यांच्यात मृत्यू १.१ टक्के, ज्यांची वर गेली त्यांच्यात ११ टक्के. आजार जास्त बळावला की शुगरही जास्त चढते, त्यामुळे हा सगळा फरक नुसत्या कंट्रोलमुळे पडला असं म्हणता येणार नाही, तरी फाइलवर मधुमेह लिहिलाय की नाही यापेक्षा त्या आठवड्यात शुगर किती होती हे विचारायला हवं, हे यातून नक्की कळतं.

असं का होतं तर रक्तात साखर सतत जास्त असली की पांढऱ्या पेशी सुस्तावतात, जंतूपर्यंत पोचणं आणि त्याला गिळणं ही दोन्ही कामं नीट होत नाहीत, दुसरीकडे शरीरात बारीक सूज कायम असते आणि रक्त गोठायची प्रवृत्ती वाढलेली असते, म्हणजे फुप्फुसात व्हायरसने गोंधळ घातला की त्यात भर पडायला सगळी तयारी आधीच झालेली. सोबत किडनी, हृदय, लठ्ठपणा, बीपी यांपैकी एकदोन पाहुणे बहुतेक घरात असतातच. आणि उलट्या बाजूनेही चक्र फिरतं. ताप आला की कॉर्टिसोल आणि ॲड्रेनालिन ही ताणाची हार्मोन्स वाढतात, लिव्हर साखर सोडत राहतं, त्यामुळे माणसाने दोन दिवस पेजेशिवाय काही घेतलेलं नसतं तरी ग्लुकोमीटरवर ३२० दिसतं. घरचे गोंधळतात इथेच. ‘पोटात काही नाही, मग इन्सुलिन कशाला’ म्हणून सुई बंद करतात, आणि टाइप वनच्या पेशंटला तेवढ्याने कीटोॲसिडोसिस (इन्सुलिनअभावी शरीर चरबी जाळतं आणि रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात) होऊ शकतो: उलट्या, पोटदुखी, खोल धाप, तोंडाला फळासारखा वास. कोविडमध्ये ही धाप न्यूमोनियाची समजली जाण्याची भीती होती. डापाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीतून साखर बाहेर काढणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये तर शुगर फार वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो, म्हणून आजारपणात, जेवण सुटल्यावर, त्या गोळ्या डॉक्टरला विचारून थांबवतात. उलट्या-जुलाबाने पाणी कमी झालं असेल तर मेटफॉर्मिन या शुगरच्या नेहमीच्या गोळीबद्दलही विचारायचं. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही, डोस कमीजास्त डॉक्टर करतात. शुगर दर चार तासांनी, जमलं तर लघवीतले कीटोन, आणि पाणी भरपूर, किडनी-हार्टवाल्यांनी विचारून.

आता मुंबई. महापालिका आणि डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या पाहणीत १८ ते ६९ वयातल्या साधारण १८ टक्के लोकांची उपाशीपोटीची शुगर १२६ च्या वर निघाली होती, म्हणजे चाळीच्या एका मजल्यावर चारपाच जण सहज. अशा शहरात मार्च २०२० मध्ये कोविडच्या पहिल्या केसेस आल्या, २३ मार्चपासून लोकल बंद आणि दोन दिवसांनी देशभर लॉकडाऊन. शुगर ज्या गोष्टींवर कंट्रोलमध्ये राहते त्या एका फटक्यात गेल्या: शिवाजी पार्कच्या सकाळच्या फेऱ्या, दादरच्या ब्रिजचे जिने, ठरलेल्या वेळेचा डबा, दर तीन महिन्यांची ओपीडी. ज्यांच्या घरी फ्रीज नाही त्यांचं इन्सुलिन शेजारच्यांच्या फ्रीजमध्ये असायचं, आणि शेजारी गावाला गेले की पंचाईत. शिवाय काढा! दालचिनी-मिरी-सुंठ ठीक, पण त्यात गुळाचा खडा टाकून दिवसातून तीनदा शुगरवाल्या आजोबांना पाजायचा हा उद्योग कितीतरी घरांत चालला होता, इम्युनिटीसाठी. पालिकेच्या रोजच्या पत्रकात मृतांपैकी इतक्यांना दीर्घकालीन आजार होते हे वाक्य ठरलेलं असे, आणि ते वाचून धडधाकट माणसं जरा निर्धास्त व्हायची, हे मला तेव्हाही खटकायचं. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम आली, त्यात घरोघरी ऑक्सिजन आणि ताप बघताना शुगर-बीपी आहे का हेही विचारलं गेलं, आणि काम त्यातल्या त्यात योग्य होतं. लसीचा नियम मात्र चमत्कारिक. १ मार्च २०२१ ला साठीच्या पुढच्यांसोबत ४५ ते ५९ मधल्या आजारी लोकांना लस सुरू झाली, पण नुसता मधुमेह पुरत नव्हता, तो दहा वर्षांहून जुना किंवा गुंतागुंतीचा आणि वर बीपीची गोळी चालू असं काहीतरी लागायचं, डॉक्टरच्या सहीसकट. महिन्याभरात ४५ च्या पुढच्या सगळ्यांना उघडली म्हणून तो प्रश्न मिटला.

दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस, म्हणजे ‘काळी बुरशी’ म्हणतात तो आजार, आला. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने ऑक्सिजनवरच्या पेशंटचे मृत्यू कमी होतात हे जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ट्रायलने दाखवलं होतं, डोस दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना फायदा नाही हेही त्यातच होतं. तरी एप्रिल-मे २०२१ मध्ये स्टेरॉइड घरच्या घरी, लवकर आणि ढिगाने दिले गेले, शुगर कोणी मोजली नाही, आणि चढलेली शुगर आणि वर स्टेरॉइड म्हणजे या बुरशीला मोकळं रान. नाक चोंदणं, काळपट स्राव, गालाला बधिरपणा, डोळा सुजणं, वरचे दात हलणं, अशी सुरुवात. त्यावरचं औषध ॲम्फोटेरिसिन-बी मिळेना, कित्येकांचा जबडा किंवा डोळा काढावा लागला. आधी शुगर नसलेल्यांचीही स्टेरॉइडने वाढते, त्यामुळे कोर्स चालू असताना जेवणानंतरची, विशेषतः दुपारची आणि संध्याकाळची, शुगर बघावी लागते. सकाळची उपाशीपोटीची बऱ्याचदा नॉर्मल येते आणि फसवते.

साथ नसताना करायच्या गोष्टी कंटाळवाण्या आहेत: दर वर्षी फ्लूची लस, डॉक्टर सांगतील तशी न्यूमोनियाची लस, एचबीएवनसी (मागच्या दोनतीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी), आणि घरात दोनचार आठवड्यांच्या गोळ्या, स्ट्रिप, सुया शिल्लक. पालिकेच्या दवाखान्यात मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या फुकट मिळतात. कोविड होऊन गेल्यावर काहींना नव्याने मधुमेह निघाला, त्यातला काही स्टेरॉइडचा आणि तात्पुरता, काही आधीचाच पण कधी न तपासलेला, म्हणून डिस्चार्जच्या कागदावर शुगर जास्त लिहिलेली असेल तर दोनतीन महिन्यांनी पुन्हा तपासतात.