फाशीमागची कारणे : पुण्यातील देहदंडाची पार्श्वभूमी

महाराष्ट्रात फाशी देण्याची व्यवस्था येरवडा आणि नागपूर या दोनच मध्यवर्ती कारागृहांत आहे, त्यामुळे देहदंडाचा विषय निघाला की पुण्याचे नाव त्यात येतेच. या चर्चेत फाशी कोणाला झाली याची उजळणी पुष्कळ होते. पण ती का द्यावी लागली, हे निकालपत्रात लिहिण्याचे बंधन न्यायाधीशावर केव्हा आले, याचा विचार क्वचितच होतो. हे बंधन केवळ 1974 पासूनचे आहे आणि माझ्या मते शिक्षेच्या इतिहासातील सर्वांत मोठा बदल तोच आहे.

पेशवाईत शिक्षेचे प्रमाण ठरवणारी एकच लिखित संहिता नव्हती. धर्मशास्त्र, रूढी आणि सत्ताधाऱ्यांची मर्जी यांवर निवाडा अवलंबून असे. ‘गुन्हेगारी’ या नावाने ओळखला जाणारा पैशांचा दंड, हातपाय तोडणे, हत्तीच्या पायी देणे, डोंगरी किल्ल्यावर कैदेत टाकणे अशा शिक्षा होत्या आणि त्या गुन्ह्याइतक्याच गुन्हेगाराच्या जातीवर ठरत. स्त्रियांना आणि ब्राह्मणांना सहसा उघड देहदंड दिला जात नसे. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले, असे परंपरेने सांगितले जाते. रामशास्त्र्यांच्या निःस्पृहपणाबद्दल पुणेकरांना वाटणारा अभिमान रास्तच आहे. मात्र तो निवाडा अमलात आणील अशी यंत्रणा राज्यात नव्हती, हेही याच प्रसंगातून दिसते. पुढे 1791 मध्ये कोंडून ठेवलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, तेव्हा कोतवाल घाशीराम याला संतप्त जमावाच्या हवाली करण्यात आले आणि त्या जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. पहिल्या प्रसंगी न्यायाधीशाचा शब्द सत्तेपुढे निष्फळ ठरला आणि दुसऱ्या प्रसंगी सत्तेनेच शिक्षेची अंमलबजावणी जमावावर सोपवली.

इंग्रजी अमलात 1827 च्या एल्फिन्स्टन संहितेने आणि 1 जानेवारी 1862 पासून लागू झालेल्या भारतीय दंड संहितेने गुन्हा व शिक्षा कागदावर निश्चित केली. उमाजी नाईक यांना 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यातच फाशी झाली. वासुदेव बळवंत फडके यांच्यावरील 1879 च्या खटल्यात गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, बचावासाठी उभे राहिले. राजाविरुद्ध युद्ध पुकारण्याच्या गुन्ह्याला मृत्युदंडाची तरतूद असूनही न्यायालयाने फडके यांना जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. प्लेग अधिकारी रँडच्या वधानंतर मात्र दामोदर चाफेकर यांना 18 एप्रिल 1898 रोजी आणि वासुदेव चाफेकर, महादेव रानडे व बाळकृष्ण चाफेकर यांना 1899 च्या मे महिन्यात, अवघ्या पाच दिवसांच्या अंतरात, येरवड्यात फाशी देण्यात आली.

त्या काळच्या कायद्याचा कल कोणीकडे होता, हे 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील एका कलमावरून कळते. मृत्युदंडास पात्र गुन्ह्यात न्यायाधीशाने फाशीऐवजी सौम्य शिक्षा दिली, तर त्याची कारणे नोंदवणे त्याला भाग होते. फाशी देताना तसे बंधन नव्हते. स्वतंत्र भारतात 1955 च्या दुरुस्तीने ही अट काढून टाकली. नंतर 1 एप्रिल 1974 पासून लागू झालेल्या नव्या संहितेने तराजूचे पारडे उलट बाजूला झुकवले. जन्मठेप हा नियम ठरला, फाशीसाठी ‘विशेष कारणे’ नोंदवणे आवश्यक झाले आणि दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकण्याची तरतूद आली.

या नव्या कलमाची कठोर परीक्षा पुण्यातच झाली. जानेवारी 1976 ते मार्च 1977 या काळात शहरात दहा खून झाले. जोशी-अभ्यंकर खून खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा हे तरुण दोषी ठरले. संध्याकाळनंतर रस्ते ओस पाडणारी ती दहशत ज्यांनी अनुभवली, त्यांना या शिक्षेबद्दल शंका वाटली नसणार, आणि त्यांची ती भावना हलकी लेखता येणार नाही. तरीही खटला सत्र न्यायालय, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय अशा सर्व पायऱ्या चढला, दयेचे अर्ज फेटाळले गेले आणि मगच 27 नोव्हेंबर 1983 रोजी येरवड्यात चौघांना फाशी देण्यात आली. मधल्या काळात, 1980 मध्ये, बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशी घटनाबाह्य ठरवली नाही. पण ती ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणांपुरती मर्यादित केली आणि गुन्ह्याबरोबरच गुन्हेगाराचे वय, परिस्थिती व सुधारण्याची शक्यता यांचाही विचार करण्यास सांगितले.

जनरल अरुणकुमार वैद्य यांच्या मारेकऱ्यांना 1992 मध्ये आणि अजमल कसाबला 21 नोव्हेंबर 2012 रोजी येरवड्यातच फाशी झाली. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनोज खटल्याच्या निकालात, आरोपीची पार्श्वभूमी, मानसिक स्थिती आणि कारागृहातील वर्तन यांची माहिती खटल्याच्या टप्प्यावरच न्यायालयापुढे यावी, असे निर्देश दिले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही फाशीसाठी विशेष कारणे नोंदवण्याची अट कायम ठेवण्यात आली आहे.