फॅमिली डॉक्टरची परीक्षा: वॉर्डातून दवाखान्याकडे

नागपुरात १९१४ साली रॉबर्टसन मेडिकल स्कूल सुरू झालं. अशा शाळांतून परवाना घेऊन बाहेर पडलेला डॉक्टर ‘एलएमपी’ (लायसन्शिएट, म्हणजे पदवी नसलेला परवानाधारक डॉक्टर) म्हणून ओळखला जायचा आणि गावाचा, मोहल्ल्याचा डॉक्टर बहुधा तोच असायचा. देशाच्या आरोग्यव्यवस्थेसाठी नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये हे दुय्यम दर्जाचं वैद्यकीय शिक्षण बंद करून देशभर एकच पदवी ठेवायला सांगितलं. १९४७ मध्ये आपलं ‘मेडिकल’, म्हणजे नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सुरू झालं. हेतू चांगलाच होता, पण परीक्षा वॉर्डातच राहिली.

ती कशी होते? लाँग केस, म्हणजे सविस्तर तपासायचा रुग्ण, म्हणून समोर आलेला पेशंट आधीपासून भरती असतो. पानथरी (प्लीहा) वाढलेली, रिपोर्ट फाइलला लागलेले, अख्ख्या वॉर्डाला निदान ठाऊक. विद्यार्थी हिस्टरी घेतो, पोट तपासतो, परीक्षक बारकावे विचारतात. दवाखान्यात मात्र पेशंट येतो तो ‘चार दिवसांपासून अंग मोडून येतंय’ एवढंच घेऊन. अशा पेशंटांपैकी कुणाला गोळ्या देऊन घरी पाठवायचं आणि कुणाला आजच मेयो हॉस्पिटलला धाडायचं, हे डॉक्टरने तिथल्या तिथे ठरवायचं असतं. जे परीक्षेत विचारत नाहीत, ते मन लावून शिकवलंही जात नाही.

बाहेर ही उणीव लवकर ओळखली गेली. ब्रिटनमध्ये जनरल प्रॅक्टिशनरांचं, म्हणजे फॅमिली डॉक्टरांचं, कॉलेज ही त्यांची संस्था १९५२ मध्ये स्थापन झाली, तिच्या सदस्यत्वाची परीक्षा १९६५ मध्ये आली. अमेरिकेत १९६९ मध्ये फॅमिली प्रॅक्टिसचं बोर्ड उभं राहिलं. त्याने जुन्याजाणत्यांनाही परीक्षेतून सूट दिली नाही आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा परीक्षा देण्याचा नियम सुरुवातीपासूनच ठेवला. या सगळ्या इतिहासातलं सर्वांत धाडसी पाऊल मला हेच वाटतं. मग १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी ‘ऑस्की’ ही परीक्षापद्धत मांडली: प्रत्येक टेबलावर एक ठरलेली कामगिरी, सगळ्या विद्यार्थ्यांना तीच, घंटा वाजली की पुढचं टेबल, गुण आधी ठरलेल्या यादीवरून. सोपी केस वाट्याला येण्याचं नशीब त्यातून बरंचसं वजा झालं.

आपल्याकडे राष्ट्रीय परीक्षा मंडळ १९७५ चंच. फॅमिली मेडिसिनची डीएनबी ही पदव्युत्तर परीक्षा त्याने पुढे सुरू केली. वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाची एमडी यायला मात्र कित्येक वर्षं जावी लागली. म्हणजे एमबीबीएसच्या मुलांना हा विषय शिकवायला त्यातले प्राध्यापकच नव्हते.

खरं काम असतं ते परीक्षेच्या आराखड्याचं: कुठल्या तक्रारीला किती गुण. तो ओपीडीच्या रजिस्टरवरून ठरायला हवा. सांधे दुखतात म्हणून वर्षानुवर्षं इंजेक्शनं घेत फिरणारा गडचिरोलीकडचा मुलगा, ज्याची सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी कुणी केलीच नाही. मे महिन्यात ऊन लागून तापाने फणफणलेला, असंबद्ध बोलणारा बांधकामावरचा मजूर, ज्याला पॅरासिटामॉलची नाही, तर आधी अंगावर पाणी आणि वाऱ्याची गरज आहे. विदर्भातल्या फॅमिली डॉक्टरच्या परीक्षेत हे दोघे यायलाच हवेत. दिल्लीत बसून काढलेल्या प्रश्नांत ते आपोआप येणार नाहीत. त्यासाठी प्रश्न काढणाऱ्यांत नागपूरच्या पाचपावली-महालात रोज दवाखाना चालवणारे डॉक्टर बसवावे लागतील.